रविवार नेमका कुणाचा?

मैत्रिणींनो, ‘आयुष्यात समतोल साधा’ हा सल्ला आपण बायका इतक्यांदा ऐकतो की आता त्याचंच टेन्शन येतं. नोकरी सांभाळा, घर सांभाळा, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं, आल्यागेल्याचं चहापाणी, शिवाय स्वतःची तब्येत... आणि हे सगळं हसतमुखानं! म्हणजे तराजूच्या दोन्ही पारड्यांत वजनं वाढवत जायचं आणि काटा मात्र मधोमध ठेवायचा. याला समतोल म्हणायचं की कसरत?

मी मराठी ख्रिस्ती घरातली. दादर-परळच्या वस्तीत वाढलेली. आमच्याकडे समतोलाचा विषय निघाला की गाडी हमखास रविवारावर येते. दहा आज्ञांमधली एक आज्ञा विश्रांतीची आहे. सहा दिवस काम करायचं, सातव्या दिवशी थांबायचं. ज्यू लोक हा दिवस शनिवारी पाळतात. येशूच्या पुनरुत्थानाचा वार म्हणून ख्रिस्ती मंडळींनी रविवार धरला. चाळीस दिवसांचा उपासकाळ असतो ना, त्यातसुद्धा रविवार मोजत नाहीत. उपासालाही सुट्टी!

गंमत म्हणजे या आज्ञेत कुणी कुणी थांबायचं याची यादीच दिलेली आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरं, इतकंच काय, तुझ्या गावात राहणारा उपरासुद्धा. बैलाचं नाव आहे, मोलकरणीचं आहे. बायकोचं नाही! जाणकार सांगतात की ‘तू’ म्हटलं त्यात नवरा-बायको दोघंही आली. अर्थ तसा असेलही. पण रविवारी दुपारी कुठल्याही घरात डोकावून बघा. सकाळी सगळे उपासनेला जातात, परत येतात. मग बाकीचे पेपर घेऊन बसतात आणि ‘तू’ मटणाचं वाटण घेऊन बसते. हे फक्त ख्रिस्ती घरातलं चित्र नाही. तुमच्याकडेही रविवार म्हणजे नाश्त्याला काहीतरी स्पेशल, जेवणाला पाहुणे आणि आठवड्याचे कपडे धुवायचा दिवस. होय ना?

लूकच्या शुभवर्तमानात मार्था आणि मरीया या दोघी बहिणींची गोष्ट आहे. येशू त्यांच्या घरी येतो. मार्था सरबराईत गुंतते, मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहते. मार्था वैतागून तक्रार करते, की हिला जरा सांगा ना मला हात लावायला! येशू मरीयेला उठवत नाही. तू फार गोष्टींची काळजी करतेस, असं मार्थालाच सांगतो. ही गोष्ट ऐकून पुष्कळजणी मार्थाची बाजू घेतात. चूल तिनंच पेटवली होती ना! मला मात्र त्यात वेगळं दिसतं. बाई घरात आहे म्हणजे ती कामालाच जुंपलेली हवी, हा नियम तिथं मोडला. बसून ऐकायचा, शिकायचा, विचार करायचा हक्क तिलाही आहे, हे एका पाहुण्यानं भर बैठकीत सांगितलं.

आणि रविवार कुणाला आयता मिळालेला नाही. इंग्रजी कचेऱ्या रविवारी बंद असत, पण मुंबईच्या गिरणीतला कामगार सुट्टीवाचून राबत होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा भरवली, ५,५०० जणांच्या सह्यांचं निवेदन दिलं. आठवड्याला एक सुट्टी ही त्यातली मुख्य मागणी. लोखंडे ख्रिस्ती नव्हते, जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी होते. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांनी पुढे केलं. एप्रिल १८९० मध्ये दहा हजार कामगारांची सभा झाली, तिथं दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लालबाग-परळच्या चाळींत रविवार आला तो असा. पण त्या दोन बायका सभेहून घरी गेल्यावर भाकऱ्या कुणी थापल्या असतील? सांगायची गरज नाही. गिरणीची सुट्टी चुलीपर्यंत पोचलीच नाही.

मग श्रद्धेचा उपयोग काय? मला वाटतं, दोन बाबतीत तरी मोठा आहे. पहिली गोष्ट, ती मर्यादा शिकवते. प्रभूच्या प्रार्थनेत भाकर मागायची ती आजच्यापुरती. वर्षाचं धान्य, पोरीचं लग्न, फ्लॅटचे हप्ते हे सगळं एकाच दिवशी डोक्यावर घ्यायचं नाही. जग माझ्या खांद्यावर नाही, ते सांभाळणारा कुणी आहे, हा विश्वास असला की रात्री झोप लागते. दुसरी गोष्ट, ती बाईला पाय रोवून उभं राहायला जागा देते. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ११ मार्च १८८९ रोजी इथं चौपाटीजवळ विधवा मुलींसाठी शारदा सदन उघडलं. लक्ष्मीबाई टिळकांचं तर घरच या प्रश्नावर दुभंगलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. नवऱ्यामागोमाग फरफटत गेल्या नाहीत. स्वतः विचार केला, सोवळ्याओवळ्याशी स्वतःच भांडल्या आणि मनाला पटल्यावर १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यानंतर या फारसं न शिकलेल्या बाईनं ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं आणि टिळकांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ही पुढे नेलं. या दोघींचं आयुष्य काही शांत, सुबक नव्हतं. पण त्यांचा तोल दुसऱ्या कुणाच्या हातात नव्हता.

आता एक कडू गोष्टही सांगायला हवी. श्रद्धेच्या नावानं बाईला गप्पही बसवलं जातं. नवरा मारतो? ‘प्रत्येकाला आपला क्रूस असतो, वाहायचा!’ असं सांगणारे आमच्यातही आहेत, जसे तुमच्यात ‘नशिबाचे भोग’ सांगणारे आहेत. कायदासुद्धा कित्येक वर्षं याच बाजूला झुकलेला होता. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा टाकून देणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नुसत्या छळासाठी सुटका नव्हतीच. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ही विषमता घटनेविरुद्ध ठरवली आणि २००१ मध्ये संसदेनं कायदा बदलला. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं एक पारडं जड होतं आणि बाईला सांगत होते, बाई गं, तू समतोल राख!

येशूनं क्रूस वाहिला तो स्वतःहून. दुसऱ्याच्या पाठीवर लादलेलं ओझं म्हणजे क्रूस नव्हे, तो नुसता जुलूम. प्रार्थना करा, जरूर करा. पण अंगावर वळ असतील तर प्रार्थनेबरोबर पोलीस ठाण्याची पायरीही चढा, महिला मंडळातल्या कुणाला तरी सोबत घ्या. त्यात श्रद्धा कमी पडत नाही.

ज्यांच्या घरी असं काही नाही, त्यांनी निदान रविवारपासून सुरुवात करावी. तुमचा वार कुठलाही असो, सोमवार, गुरुवार, शुक्रवार. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवा आणि घरात स्पष्ट सांगा की त्या वेळी गॅस मी पेटवणार नाही. खिचडी मुलगा लावेल, कुकरच्या शिट्ट्या नवरा मोजेल. खिचडी करपली तर करपली, एक दिवस करपलेली खाऊ! तेवढा वेळ देवळात बसा, चर्चमध्ये बसा, मैत्रिणीकडे जा, नाहीतर नुसत्या गॅलरीत बसून रस्ता बघा. पहिल्या आठवड्यात कुरकुर होईल. दुसऱ्या आठवड्यात थोडी कमी होईल. आज्ञेतल्या यादीत आपलं नाव लिहिलेलं नसलं, तरी घरातल्या कॅलेंडरवर ते लिहायला पेन आपल्याकडे आहेच की!