वुडसन यांचे दप्तर आणि आपल्या ट्रंका

ज्या अमेरिकेत आम्ही उदरनिर्वाहासाठी आलो, तेथेच गुलामीत जन्मलेल्या मातापित्यांचे पुत्र कार्टर वुडसन कोळशाच्या खाणीत राबले आणि वॉशिंग्टनच्या शाळेत शिकविता शिकविता १९१२ साली हार्वर्डचे डॉक्टर झाले. कृष्णवर्णीयांना इतिहासच नाही, असा विद्वानांचा समज होता. वुडसन यांनी १९१५ मध्ये संस्था काढली, १९१६ मध्ये नियतकालिक. आणि पत्रे, दैनंदिन्या, कायदेशीर दस्तऐवज असे सुमारे ५,००० कागद गोळा करून १९२९ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या स्वाधीन केले.

आणि आमचे? १९५६ च्या धम्मदीक्षेला नागपुरास गेलेल्या वडिलांची पत्रे, मंडळाची पहिली इतिवृत्ते, जयंतीच्या वर्गणीच्या वह्या ट्रंकांत पडून आहेत. पुतळ्यासाठी आपण सढळ हाताने देतो (द्यावेही). कागदांसाठी एक कपाटही घेत नाही. मुलांना तर मराठी वाचता येईनाशी झाली आहे. म्हणून आमची सूचना अशी की, येत्या जयंतीपूर्वी प्रत्येक कुटुंबाने छायाचित्रांमागे नाव, गाव व साल लिहावे, आणि अक्षर ओळखणारी वडीलधारी मंडळी आहेत तोवर कागद मंडळाच्या चिटणीसांकडे सोपवावेत. वर्गणीच्या वह्यासुद्धा, फाटक्या असल्या तरी.