झाडाला टांगलेली झोप

सध्या पुण्यात आयटीत असलेल्या आम्हा अमरावती-अकोल्याच्या पोरांच्या डोक्यात एक नवा धंदा घोळतोय : मेळघाटात झाडावरचे तंबू. कुणाचा चिखलदऱ्याला प्लॉट आहे, कुणाची अकोटकडून शहानूरच्या वाटेवर ओळख आहे, आणि प्रत्येकाकडे एक स्लाइड डेक आहे. मलाही बुकिंगचं ॲप करून मागितलं गेलं. मी नाही म्हणालो. का, ते इथे सविस्तर लिहितो, कारण ज्यांनी मागितलं ते माझेच लोक आहेत आणि वाईट लोक नाहीत.

वस्तू ठाऊक नसेल त्यांच्यासाठी : टेन्टसाईल या ब्रिटिश कंपनीने हे तंबू जगभर लोकप्रिय केले. ताणलेल्या कापडाचा त्रिकोणी तळ, तीन कोपऱ्यांतून निघणारे तीन पट्टे, तीन झाडं. ट्रकवाले माल आवळायला जे रॅचेट वापरतात तसल्याने पट्टे खेचायचे की तळ अधांतरी उभा राहतो. घडी केली की पिशवीत मावतो. कल्पना सुंदर आहे, यात वाद नाही. स्वतःच्या आमराईत टांगा, कॉफीच्या मळ्यात टांगा, मी बघायला येईन.

माझं भांडण आहे ते त्याच्यासोबत विकल्या जाणाऱ्या वाक्याशी. जमिनीला स्पर्श नाही, म्हणून जंगलावर खूण नाही.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स आठवा. तिघं माणसं आणि सामान मिळून ३०० किलो धरा. पट्टे आडव्याशी १० अंशाचा कोन करत असतील, तर प्रत्येक झाडाला बसणारी ओढ १०० किलोची नसते, साधारण ५७५ किलोची असते. अंथरूण आणखी सपाट हवं म्हणून कोन ५ अंशांवर आणला, तर साडेअकराशेच्या आसपास. म्हणजे पाठीला जितका आराम, तितका झाडाला ताण, आणि तोही आडवा. एका रात्रीत जाड झाडाला काही होत नाही, हे मान्य. पण धंद्यात एक रात्र नसते. सोयीची, रस्त्याजवळची, नीट अंतरावरची तीन झाडं एकदा सापडली की दर शनिवारी तीच तीन झाडं. पट्टा त्याच जागी साल घासणार, आणि झाडाचं जिवंत काम त्या सालीच्या लगेच आत चालतं. त्यात मेळघाट म्हणजे बेसाल्टचे उतार आणि ठिकठिकाणी मुरमाड, उथळ माती. उतारावरच्या पोरसवदा सागाला कुणी आडवं ओढलेलं त्याला आवडेल असं मला वाटत नाही.

तरी झाडाचा मुद्दा मी दुय्यम मानतो. खरी खूण पडते ती पाण्यावर.

मेळघाट पानगळीचं जंगल आहे. एप्रिलमध्ये साग बोडका असतो, ओढे आटलेले, आणि मैलोगणती अंतरात एखादाच पाणवठा उरतो. पर्यटकाला तंबूतून काय बघायचंय? प्राणी. प्राणी कुठे येणार? पाण्यावर. म्हणजे तंबू कुठे टांगणार, हे सांगायला डेटा सायंटिस्ट लागत नाही. बोडक्या झाडांवर केशरी कापड, आत हसणारी माणसं, मॅगीचा वास. ज्या जनावराला त्या रात्री तिथेच पाणी प्यायचं आहे, त्याने काय करायचं? अस्वल तर मधासाठी झाडावर चढतं, बिबट्या शिकार घेऊन चढतो. 'वर सुरक्षित' हे कुणाच्या हिशोबाने? खाली वाळक्या पाल्याचा थर आणि वणव्यांचा मोसम, तेव्हा स्टोव्हबद्दल बोलायलाच नको. आणि झाड रिकामं आहे, हे तरी कुणी ठरवलं? रानपिंगळा ११३ वर्षं कुणाला दिसला नव्हता, १९९७ साली शहाद्याजवळ सापडला. पुढे मेळघाटातही त्याची चांगली वस्ती निघाली. तो झाडांच्या ढोलीत घरटं करतो. त्याची ढोली बुकिंगच्या नकाशावर येणार नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं : मग वनखातं स्वतः मचाणावर लोक बसवतं ते? बसवतं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री, वर्षातून एकदा. पूर्वी ती पाणवठ्यावरची गणना होती. वाघ मोजायला कॅमेरे आले, आणि आता तो 'निसर्गानुभव' आहे. पैसे तिथेही घेतात. पण त्या रात्रीचा नियम बघा. भडक कपडे नको, अत्तर नको, बोलणं नको, खाली उतरणं नको. चांदण्यात जे येईल ते कागदावर मांडायचं. झोपायला तिथे कुणी जात नाही.

मचाण ही आपल्याकडे झोपायची जागा कधी नव्हतीच. शिकाऱ्यांचं मचाण सोडा, वऱ्हाडातलं वावरातलं मचाण घ्या. अकोट-तेल्हाऱ्यापासून अचलपूर-परतवाड्यापर्यंत सातपुड्याच्या पायथ्याला ज्याचं शेत आहे, त्याला जागल माहीत आहे. हरभरा घाट्यावर आला, तूर भरली की रोही आणि रानडुकरांचे कळप उतरतात. चार बल्ल्या, वर फळ्या, एक गोधडी, टॉर्च, वाजवायला डबा. त्यातच पंपाची लाईन रात्री येणार असेल तर उतरून ओलितही करायचं. माझे काका म्हणतात, "डोया लागला का वावर गेलं समज." त्यांना मी तंबूचा फोटो दाखवला. त्यांनी भाडं विचारलं, आकडा ऐकला, आणि म्हणाले, "एवढे पैसे देऊन जागलीले कोण जाते बावा?" झोपायला जातात म्हटल्यावर त्यांनी फोन परत दिला.

इथपर्यंत कुणी म्हणेल की हा रुचीचा प्रश्न आहे. नाही.

मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या पहिल्या नऊंपैकी. वाघाला माणसांशिवायचं जंगल हवं, म्हणून गाभ्यातली गावं उठवली गेली. बोरी, कोहा, कुंड आधी. नंतर धारगड, गुल्लरघाट, केलपाणी, सोमठाणा वगैरे. यातली बरीच कोरकू कुटुंबं डोंगराखाली अकोला जिल्ह्यात अकोट-तेल्हाऱ्याकडे आली. २००८ नंतरच्या पॅकेजमध्ये कुटुंबामागे १० लाख रुपये होते. जमीन, पाणी, दवाखाना, जे सांगितलं ते मिळालं नाही, म्हणून त्यातले काही लोक परत आपल्या जुन्या गावी गेले. जानेवारी २०१९ मध्ये तिथे त्यांची आणि वनकर्मचारी-पोलिसांची चकमक झाली, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. ज्याचा जन्म त्या जंगलातला, तो तिथे रात्री थांबला तर अतिक्रमण. आणि हिंजवडीचा माणूस थांबला तर अनुभव? व्याघ्र प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना गाभ्याच्या २० टक्क्यांपर्यंत पर्यटनाला मुभा देतात. गाव नको, जिप्सी चालेल, हे आधीच पचायला जड आहे. त्यावर आणखी तंबू टांगायचे?

"आम्ही गाभ्यात नाही, बफरमध्ये करू," असं डेकमध्ये लिहिलेलं असतं. बफरमध्ये माणसं राहतात. त्यांचं नाव डेकमध्ये 'लोकल स्टाफ' या रकान्यात येतं : सामान वाहणारे, चहा करणारे, संध्याकाळी गोंडोलिया नाचणारे. जंगल कुणाचं, हा रकाना नसतो.

तो असलेलं एक ठिकाण परतवाड्याजवळ आहे. पायविहीर. वनहक्क कायद्याखाली या कोरकू गावाला सामूहिक हक्क मिळाला, उजाड डोंगरावर ग्रामसभेने जंगल राखलं, सीताफळं स्वतः विकायला काढली, २०१४ मध्ये जैवविविधतेचा पुरस्कार घेतला. ज्यांना झाडाला काही टांगायचंच आहे, त्यांनी अशा एखाद्या ग्रामसभेत जाऊन खाली सतरंजीवर बसावं आणि विचारावं. कोणती झाडं, वर्षात किती रात्री, पाण्यापासून किती लांब, पैसे कुणाच्या खात्यात, हे त्यांनी सांगायचं. नको म्हणाले तर तंबू पिशवीत घालून परत यायचं.