यकृतातील गाठ आणि बुडबुड्यांची साक्ष

चेन्नईच्या दक्षिणेस, पूर्व किनारा मार्गावर कोवलम हे मच्छीमारांचे जुने गाव आहे. केळंबाक्कमचे वैद्यकीय महाविद्यालय तेथून जवळच. म्हणजे येथील रुग्णाची अडचण अंतराची नव्हे. साध्या सोनोग्राफीत यकृतात गाठ दिसली, की ती रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ आहे की कर्करोग, हे करड्या चित्रावरून पुष्कळदा ठरत नाही. मग सीटी, एमआरआय, प्रसंगी सुईने तुकडा काढणे, आणि मधले धास्तीचे दिवस.

यांतील बरीच वणवण काँट्रास्ट सोनोग्राफीने टळू शकते. तीत सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचे सूक्ष्म बुडबुडे शिरेतून देतात. त्यांचा सरासरी व्यास सुमारे २.५ मायक्रोमीटर, तांबड्या रक्तपेशीहून कमी. ते फुप्फुसांच्या केशवाहिन्या ओलांडतात, पण रक्तवाहिनीबाहेर झिरपत नाहीत. वायू श्वासावाटे निघून जातो. मूत्रपिंडांवर भार पडत नाही. रक्तवाहिन्यांची साधी गाठ कडेकडून आत भरत जाते. यकृताचा मूळ कर्करोग धमनी-अवस्थेत उजळतो आणि सावकाश, बहुधा मिनिटभरानंतर, किंचित फिका पडतो. अन्यत्रून पसरलेला कर्करोग मात्र मिनिटाच्या आतच ठळकपणे काळवंडतो. १९६८ साली ग्रामियाक आणि प्रवीण शहा यांनी हृदयाच्या तपासणीत बुडबुड्यांचे प्रतिध्वनी नोंदवले. त्या निरीक्षणाचे हे दूरचे फळ.

या तंत्रावरील आक्षेपही खोटा नव्हता. पित्तनलिकेचा कर्करोग यकृताच्या मूळ कर्करोगासारखा भासू शकतो, या कारणाने २०१० च्या सुमारास अमेरिकी यकृततज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांतून हे तंत्र वगळले गेले. परंतु दोष बुडबुड्यांचा नव्हता, घड्याळाकडे झालेल्या दुर्लक्षाचा होता. गाठ उजळते एवढे पाहून भागत नाही; ती केव्हा आणि किती फिकटते, हे मोजावे लागते. २०१६ च्या अमेरिकी वर्गीकरणाने साठ सेकंदांची ही सीमा निकषांतच घातली, आणि त्याच वर्षी तेथील औषध प्रशासनाने यकृतासाठी या द्रव्यास मान्यता दिली.

मर्यादा उरतातच. एका वेळी एकच गाठ नीट पाहता येते. चरबीने भरलेल्या यकृतात खोलवरचे धूसर दिसते. आणि तपासणाऱ्याचा हात सरावलेला असावा लागतो. कर्करोग कोठवर पसरला, हे सांगण्यास सीटी किंवा एमआरआयच हवे. म्हणून ही तपासणी त्यांच्या जागी नव्हे, त्यांच्या आधी यावी. ज्याची मूत्रपिंडे आधीच दुबळी आहेत व ज्याला आयोडिनयुक्त द्रव्य देताना डॉक्टर कचरतात, त्या रुग्णाला तरी ती पहिल्याच भेटीत, त्याच खाटेवर मिळावी.