भेगेची साक्ष

घर पाहावें बांधून, असें आपले वाडवडील उगाच म्हणत नसत. मोसमकांठच्या नामपुराहून एका स्नेह्यांचें पत्र आम्हांस आलें आहे. स्वतःच्या जागेवर ठेका देऊन बांधलेलें घर. दुसऱ्याच पावसाळ्यांत भिंतीस तिरपी भेग गेली, छत गळूं लागलें आणि ठेकेदारानें हात वर केले. आतां आधीं डागडुजी करावी कीं फिर्याद, असा त्यांचा प्रश्न आहे.

आमचें उत्तर असें कीं, दोहोंच्याही आधीं पुरावा. गिलाव्याखालीं बुजविलेली भेग न्यायासनापुढें साक्ष देत नाहीं. छताचें भय असेल तर टेकू द्यावेत, माणसें हलवावींत. परंतु तारीखवार छायाचित्रें व लेखी नोटीस यांवांचून गवंड्यास भिंतीस हात लावूं देऊं नये.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें विकासकाकडून घर घेणारास ताब्यापासून ५ वर्षें दोषदुरुस्तीचा हक्क दिला आहे. स्वतःच्या जागेवर ठेका देणारास त्याचा आधार नाहीं. त्यानें ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आंत जावें किंवा दिवाणी दावा लावावा. दाव्यांत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २६ व्या आदेशांतील ९ व्या नियमान्वयें कोर्ट कमिशनर मागतां येतो, आणि त्याचा अहवाल पुराव्यांत धरला जातो.

तज्ज्ञ काय पाहतो? काँक्रीटचा गाभा कापून तो दाबून पाहतो. भारतीय मानक ४५६ प्रमाणें निदान ३ गाभ्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के भरावी, व एकही ७५ च्या खालीं नसावा. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडतां गुलाबी रंग न उमटला, तर तेथें सळईस गंजापासूनचें संरक्षण उरलेलें नाहीं असें समजावें. मात्र काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्यानेंही भिंत तडकते. आणि काटकसरीसाठीं पाया उथळ ठेवा असें मालकानेंच सांगितलें असेल, तर अहवाल त्याच्यावरही उलटतो. सत्य जाणण्याची तयारी असेल त्यानेंच तज्ज्ञ बोलवावा.

महाडची तारिक गार्डन ही इमारत १० वर्षेंही न भरतां २४ ऑगस्ट २०२० रोजीं कोसळली व १६ जीव गेले. तेथें तपासाच्या वांट्यास ढिगारा आला. आमच्या स्नेह्यांची भिंत अद्याप उभी आहे, हें त्यांचें भाग्य.

लग्नाच्या याद्या आपण दोन्ही पक्षांच्या सह्यांनीं करतों. जन्माची पुंजी घालून बांधावयाच्या घराचा व्यवहार मात्र तोंडीं ठेवतों. ही रीत आतां बदलावी.