मंत्रिपदे बारा, समर्थक तेहतीस : गोव्यात महामंडळे नेमकी कुणासाठी?

पेडणे / डिचोली : गोव्यात सरकार बनले की पहिले आठ दिवस मंत्रिपदाची चर्चा चालते आणि पुढचे सहा महिने महामंडळांची. कुणाला पर्यटन, कुणाला फलोत्पादन, कुणाला कदंब. पेडण्याच्या बाजारात किंवा डिचोलीच्या बसस्टँडवर कुणालाही विचारा, आपल्या आमदाराला काय 'मिळाले' हे लोक तोंडपाठ सांगतात. ते महामंडळ नेमके करते काय, हे मात्र सांगता येत नाही. कारण ते काम करण्यासाठी दिले जातेय असे कुणी समजतच नाही. ते 'सोय' म्हणून दिले जाते.

ही सोय का लागते, हे समजायला साधे गणित पुरे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाला मर्यादा घातली. सभागृहाच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त मंत्री नकोत, मात्र लहान राज्यांत किमान १२ चालतील. गोव्याच्या ४० आमदारांच्या सभागृहात म्हणूनच मुख्यमंत्री धरून १२. २०२२ च्या निवडणुकीत भाजपचे २० आमदार आले. मगोचे २ आणि ३ अपक्ष यांनी पाठिंबा दिला. १४ सप्टेंबर २०२२ रोजी काँग्रेसचे ८ जण फुटून आले आणि आकडा ३३ झाला. त्यातून १२ मंत्री, एक सभापती, एक उपसभापती वजा करा. उरले १९. या १९ जणांना पाच वर्षे खुशीत ठेवायचे कसे? इथे महामंडळे कामाला येतात.

कुणाची कुठे वर्णी

पेडण्याचे आमदार प्रवीण आर्लेकर यांच्याकडे हस्तकला महामंडळ आले. डिचोली तालुक्यातल्या मयेचे प्रेमेंद्र शेट यांच्याकडे फलोत्पादन महामंडळ. सावर्ड्याचे गणेश गावकर पर्यटन विकास महामंडळावर, पर्येच्या दिव्या राणे वनविकास महामंडळावर, नावेलीचे उल्हास तुयेकर कदंब वाहतूक महामंडळावर. कुडतरीचे अपक्ष आलेक्स रेजिनाल्ड यांना औद्योगिक विकास महामंडळ.

यातली एकही नेमणूक बेकायदा आहे असे नाही. यातल्या एखाद्याने चांगले काम केलेही असेल. प्रश्न माणसाचा नाही, निवडीच्या पद्धतीचा आहे. तोट्यात चालणाऱ्या बससेवेला वाहतूक कळणारा माणूस हवा, की सरकारला हात वर करणारा? हा प्रश्न नेमणुकीच्या वेळी कुणी विचारत नाही. जाहिरात नाही, अर्ज नाही, पात्रता नाही. पद आधी ठरत नाही, माणूस आधी ठरतो.

घटनेचे कलम १९१ सांगते की लाभाचे पद घेणारा आमदार अपात्र ठरतो. पण त्याच कलमात पळवाटही आहे. विधिमंडळाने कायदा करून एखादे पद वगळले की अपात्रता येत नाही. म्हणजे ज्यांना पद हवे, त्यांनीच ते पद लाभाचे नाही असे ठरवायचे! गोव्यात याहून पुढचा प्रयोगही झाला होता. मंत्री वाढवता येत नाहीत म्हणून 'संसदीय सचिव' नेमले गेले. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या नेमणुका रद्द केल्या. दरवाजा बंद झाला तसा सगळा भार महामंडळांच्या खिडकीवर आला.

मांद्रेचा धडा

पेडणे तालुक्यात दोनच मतदारसंघ, पण फुटीचे शास्त्र शिकायचे तर इथेच यावे. २०१७ मध्ये मांद्रेत काँग्रेसचे दयानंद सोपटे यांनी विद्यमान मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर यांना पाडले. लोकांनी सरकारविरुद्ध कौल दिला होता. दीड वर्षानी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, सोपटे आणि शिरोड्याचे सुभाष शिरोडकर यांनी आमदारकीचे राजीनामे दिले आणि ते भाजपमध्ये गेले. सोपटे आमदारही नव्हते, तेव्हा त्यांना पर्यटन विकास महामंडळाचे अध्यक्षपद मिळाले. एप्रिल २०१९ च्या पोटनिवडणुकीत ते भाजपच्या चिन्हावर परत निवडून आले.

आता इथे बारीक मेख आहे. त्याच ९१ व्या दुरुस्तीने कलम ३६१ब आणले. पक्षांतराखाली अपात्र ठरलेल्या आमदाराला मुदत संपेपर्यंत, किंवा पुन्हा निवडून येईपर्यंत, पगारी राजकीय पद देता येत नाही. हेतू स्वच्छ होता : फुटीचे बक्षीस म्हणून पद मिळू नये. पण जो आधीच राजीनामा देतो त्याला अपात्र ठरवायला कुणी बसत नाही. कायद्याने बक्षीस बंद केले, राजीनाम्याने ते पुन्हा चालू केले.

त्याच तालुक्यात, मार्च २०१९ मध्ये, पेडण्याचे मगो आमदार बाबू आजगावकर आणि सावर्ड्याचे दीपक पाऊसकर यांनी 'विलीनीकरण' केले. तीनपैकी दोन आमदार, म्हणजे दोनतृतीयांश. आजगावकर उपमुख्यमंत्री झाले, पाऊसकर मंत्री. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १० आमदार तसेच गेले. त्यांच्याविरुद्धची अपात्रता याचिका गेली सभापतींकडे, म्हणजे डिचोलीचे आमदार राजेश पाटणेकर यांच्याकडे. ऑगस्ट २०१९ ची याचिका, निकाल एप्रिल २०२१ मध्ये. याचिका फेटाळली. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. कायद्याच्या अक्षराप्रमाणे सगळे बसले. पण सभागृहाच्या मुदतीचा मोठा भाग तोवर संपून गेला होता, आणि सत्ताधारी पक्षाच्या आमदारानेच सत्ताधारी पक्षात आलेल्यांचा न्याय करायचा, ही पद्धत मात्र तशीच राहिली.

तपास करणाऱ्यालाच विचारत नाहीत

मग लक्ष ठेवायला कुणी नाही का? आहे ना, लोकायुक्त आहे. पण त्याची कथा ऐका. गोव्याचे पहिले लोकायुक्त न्या. सुदर्शन रेड्डी मार्च २०१३ मध्ये आले आणि त्याच वर्षी राजीनामा देऊन गेले. २०१६ ते २०२० या काळात न्या. प्रफुल्लकुमार मिश्रा होते. जाताना त्यांनी उघड सांगितले की सार्वजनिक पदावरच्यांविरुद्ध दिलेल्या २१ अहवालांपैकी एकावरही सरकारने कारवाई केली नाही. कर्नाटक, केरळसारखे खटला चालवण्याचे अधिकार गोव्याच्या कायद्यात नाहीत, याकडेही त्यांनी बोट दाखवले. असे असेल तर संस्था बंद केलेली बरी, इतके ते वैतागले होते.

त्यातला एक अहवाल डिचोलीकरांच्या अगदी अंगणातला. ८८ खाण लीजांचे दुसरे नूतनीकरण २०१४-१५ मध्ये झाले. लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा अध्यादेश निघाला १२ जानेवारी २०१५ ला, आणि त्याच एका दिवसात ३१ लीजांचे नूतनीकरण झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळी ८८ रद्द केली. खाणी थांबल्या, बोर्डे, लामगाव, शिरगाव, मये भागातले ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले घरी बसले. जानेवारी २०२० मध्ये लोकायुक्तांनी माजी मुख्यमंत्री पार्सेकर, खाण सचिव आणि खाण संचालक यांच्यावर अधिकाराचा गैरवापर केल्याचा ठपका ठेवून गुन्हा नोंदवण्याची शिफारस केली. नूतनीकरण नियमाला आणि न्यायालयाच्या आदेशाला धरून होते, अशी दुसरी बाजू मांडली गेली. सरकारने अहवाल स्वीकारला नाही. दोष कुणाचा, हे कोर्टात कधी ठरलेच नाही. जे दोषी नसतील त्यांच्यावरचाही डाग त्यामुळे तसाच राहिला.

शेजारी बेळगाव-कारवारच्या वाचकांना याचा फरक लगेच कळेल. कर्नाटकात लोकायुक्त संतोष हेगडे यांचा खाण अहवाल जुलै २०११ मध्ये आला आणि त्याच महिन्याच्या शेवटी मुख्यमंत्री येडियुरप्पांना राजीनामा द्यावा लागला. माती तीच, खनिज तेच. फरक संस्थेच्या दातांचा. गोव्यात मिश्रांच्या निवृत्तीनंतर जानेवारी २०२१ मध्ये कायदा बदलला तो लोकायुक्तपदाची पात्रता सैल करण्यासाठी. अधिकारही पातळ केले, असा विरोधकांचा आरोप होता.

म्हणून कर्नाटक काही सोवळे नाही. २०१९ मध्ये तिथे १७ आमदार फुटले. त्यांत गोकाकचे रमेश जारकीहोळी, अथणीचे महेश कुमठळ्ळी, कागवाडचे श्रीमंत पाटील हे बेळगाव जिल्ह्यातलेच. राजीनामा दिला म्हणून अपात्रता टळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०१९ ला सांगितले, पण पुन्हा लढायची मोकळीक दिली. फेब्रुवारी २०२० मध्ये त्या गटातले दहा जण मंत्री झाले. महाराष्ट्रातही तेच. शिंदे गटाबरोबर गेलेले सदा सरवणकर सिद्धिविनायक न्यासाचे अध्यक्ष झाले, आणि २०२४ च्या विधानसभेच्या तोंडावर संजय शिरसाट सिडकोचे. पक्ष बदला, राज्य बदला, रीत एकच.

याची किंमत कोण भरतो?

कुणी म्हणेल, आमदाराला गाडी-केबिन मिळाली तर माझे काय गेले? पैशाचा हिशेब बाजूला ठेवा. खरी किंमत वेगळी आहे. वरचे पद ओळखीने मिळते हे रोज दिसले की खालची नोकरीही ओळखीनेच मिळणार, असे घराघरात धरून चालतात.

डिसेंबर २०२१ मध्ये सत्ताधारी भाजपचेच आमदार बाबूश मोन्सेरात यांनी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या भरतीत ७० कोटींचा घोटाळा झाल्याचा आरोप केला. खाते पाऊसकरांचे. त्यांनी आरोप साफ नाकारला. निवडणुकीनंतर ती भरती रद्द झाली. पैसे घेतले गेले की नाही, कुणी, किती, हे जनतेला कळलेच नाही. परीक्षा देऊन खरोखर पास झालेला पोरगाही त्यात गेला. कर्मचारी निवड आयोगाचा कायदा २०१९ चा, तरी निवडणुकीआधीची ही भरती खात्यानेच केली होती.

पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ मध्ये डिचोली, म्हार्दोळ, फोंडा पोलिसांत नोकरीसाठी पैसे घेतल्याचे गुन्हे नोंदले गेले. अटक झालेल्यांत सरकारी कर्मचारीही होते. राजकीय धागा सापडला नाही, असे पोलिसांनी सांगितले. विरोधकांनी न्यायालयीन चौकशी मागितली. धागा असो वा नसो, एक गोष्ट उरतेच. दागिने मोडून, जमीन गहाण टाकून लोकांनी अनोळखी माणसाच्या हातात लाखो रुपये का दिले? कारण 'वर सांगणारा कुणीतरी असतो' यावर त्यांचा विश्वास होता. तो विश्वास ठकांनी तयार केला नाही, त्यांनी फक्त वापरला.

मतदाराने आपल्या परीने उत्तर दिले आहे. २०२२ मध्ये मांद्रेने सोपटे, पार्सेकर दोघांनाही बाजूला करून मगोचे जीत आरोलकर निवडले. डिचोलीने अपक्ष चंद्रकांत शेट्ये यांना निवडले. मगो आणि अपक्ष दोघेही सरकारच्या बाजूला जाऊन बसले. माणूस बदलला, टेबल तेच राहिले.

टेबल बदलायला क्रांती नको, चार गोष्टी पुरे. प्रत्येक महामंडळाच्या अध्यक्षपदासाठी लेखी पात्रता. अध्यक्षाचे मानधन, गाडी, कर्मचारी यांचा खर्च दरवर्षी विधानसभेसमोर. लोकायुक्तांचा अहवाल नाकारायचा तर ठरलेल्या मुदतीत, कारणासह, सभागृहात. आणि राजीनामा देऊन पक्ष बदलणाऱ्यालाही पगारी पदाची तीच बंदी, जी अपात्र ठरलेल्याला आहे. यातल्या पहिल्या तीन गोष्टी गोवा विधानसभा स्वतःच करू शकते. चौथीला दिल्लीत घटनादुरुस्ती लागेल.

पण ठराव मांडायचा कुणी? सत्ताधारी रांगेतले काही मंत्री आहेत आणि बाकीचे बहुतेक आपल्या नंबराची वाट बघतायत. २०२७ ची निवडणूक आली की मांद्रे, पेडणे, डिचोली, मये, साखळीत उमेदवार दारोदार येतील. रस्ता, पाणी, नोकरीचे विचाराच. त्याबरोबर एवढेच विचारा : निवडून आलास तर कुठले महामंडळ मागणार, आणि त्यातले तुला काय कळते?