सुगरण तो की ती?

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता चित्रकार आहे. लहान मुलांसाठी निसर्गावर सचित्र पुस्तक करायचं तिच्या मनात आहे. परवा ती कच्चा आराखडा घेऊन आली. सोळा पानं, नुसती पेन्सिलीची रेखाटनं. विषय सुगरण पक्षी. सुगरण-आई चोचीत गवताची पाती धरून घरटं विणतेय आणि शेजारी दोन पिल्लं टकामका बघताहेत. चित्रं गोड होती, यात शंका नाही.

मी म्हटलं, "अगं, घरटं विणतो तो नर. आणि पिल्लं ही घरटं झाल्यानंतरची गोष्ट."

"पण बाई, सुगरण म्हटल्यावर मुलांना आईच दिसणार ना!"

तिचं खरं आहे. गोंधळ भाषेनेच केलाय. आपली कोकिळा गाते. प्रत्यक्षात 'कुहू' करणारा तो काळा नर, मादी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची. डास 'तो', पण चावते ती मादी! शब्दाचं लिंग वेगळं आणि जिवाचं वेगळं, हे व्याकरणाच्या तासाला कितीदा सांगितलं असेल मी.

हल्ली अशा पुस्तकांत चित्रं आधी मनाने काढतात आणि खरी माहिती पानाच्या तळाशी चौकटीत टाकतात. मला हे पटत नाही. माहिती आधी हवी, कारण पुस्तकाचं रूप तिच्यातूनच सुचतं.

अलिबागजवळ किहीमला सलीम अलींनी १९३० साली सुगरणींचं बारकाईने निरीक्षण केलं. पावसाळ्यात नराचं डोकं पिवळंधमक होतं. तो पात्यांच्या चिरोट्या काढून आधी एक कडं विणतो, मग त्यावर टोपासारखा घुमट. इथवर आलं की मादी येऊन घरटं तपासते. पसंत पडलं, तरच खोली आणि खाली लोंबणारी नळी पुरी होते. नाहीतर ते तसंच अर्धवट लटकत राहतं. जमलं की हा पठ्ठ्या पुढचं घरटं विणायला मोकळा! (आत ओल्या चिखलाचे गोळे असतात. त्यावर उजेडासाठी काजवे चिकटवतात, ही मात्र लोकांची कल्पना.)

आता बघा, पुस्तक यातच आहे. घरटं वरून खाली वाढतं, तर पुस्तकही भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं वर उलटत का जाऊ नये? पहिल्या पानावर नुसती फांदी, मग कडं, मग टोप. नंतरच्या पानावर मादी आत डोकावतेय, आणि त्या पानावर एकही शब्द नाही.

नापसंत घरट्याचं पान ठेवायचं की नाही, यावर आमचं बरंच वाजलं. प्रकाशक म्हणतील, मुलं हिरमुसतील. हिरमुसू देत की! वर्गात हात वर करूनही ज्याला विचारलं जात नाही, त्या मुलाला ते पान सगळ्यात आधी कळेल. ते काढलं तर मी मजकूर लिहून देणार नाही, असं मी सांगून टाकलंय.

रंग भरण्याआधी एक पावसाळा विहिरीकाठच्या बाभळीखाली बसून ये, असंही सांगितलं. ते तिने आनंदाने कबूल केलं. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. पहिलं वाक्य मी 'सुगरणीचा नर घरटं विणतो' असं लिहिलं. ती म्हणते, "बाई, हे पाठ्यपुस्तकासारखं वाटतंय." वाटतंय खरं. दुसरं अजून सुचलेलं नाही.