दोन रात्री गोंदियात

मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाणारा लोहमार्ग १,९६८ किलोमीटरचा आहे. त्यातले सुमारे ९६७ किलोमीटर मागे पडले की गोंदिया जंक्शन येते आणि पुढे हावडा आणखी हजार किलोमीटर उरते. इतक्या लांबच्या वाटेचा जवळजवळ नेमका मध्य या स्थानकावर येतो. गाडी थांबते, चहावाल्यांची आरोळी डब्यातून फिरते, आलूबोंड्याच्या पुड्या खिडकीतून आत जातात. जनरल डब्यात सॅक मांडीवर घेऊन रात्र काढलेली मुलेमुली डोळे किलकिले करून पिवळ्या फलकावरचे नाव वाचतात आणि पुन्हा मान टाकतात. त्यांच्यातले क्वचितच कुणी उतरते. उतरून पाहायचे तरी काय, असा त्यांचा प्रश्न असतो.

थकलेल्या प्रवाशाने हा प्रश्न विचारूच नये. पाहण्यासारखे काही नाही, म्हणूनच त्याने इथे उतरावे.

महाराष्ट्रातली कॉलेजवयीन मुले हल्ली कमी पैशांत लांबच्या भटकंतीला निघतात, ही फार चांगली गोष्ट आहे. पुरी, बस्तर, अमरकंटक, भेडाघाट, कान्हा ही त्यांची पूर्वेकडची ठिकाणे. हिशेब साधारण ठरलेला असतो. लॉजचे भाडे वाचवायचे म्हणून प्रवास रात्रीचा, आंघोळ स्थानकावर, दिवसभर पायपीट, जेवण म्हणजे मिळेल तिथे पोहे आणि केळी. दोन-तीन दिवस हे अंगावर निघते. मग पोट बिघडते, सॅकचा पट्टा खांद्यात रुततो, दहा रुपयांच्या रिक्षाभाड्यावरून जिवलग मित्रांत अबोला होतो. फोनचा चार्जर एका गावात राहतो, पाकीट दुसऱ्यात. चुकीच्या फलाटावरून चुकीची गाडी पकडली जाते आणि आठवडाभर केलेली काटकसर एका दंडात जाते. रात्रीच्या गाडीने वाचवलेले पैसे असे परतफेड मागतात.

यात आळस किंवा नाजूकपणा नाही, शरीराचे साधे गणित आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. अनोळखी जागी पहिल्या रात्री माणूस गाढ झोपला तरी त्याच्या मेंदूचा एक भाग, त्या प्रयोगात डावा, दुसऱ्यापेक्षा जास्त सावध राहतो आणि जरा वेगळा आवाज आला की झोपलेल्याला लवकर जाग येते. त्याच जागी पुढच्या वेळी झोपल्यावर हा फरक मावळलेला आढळला. रोज नव्या गावात मुक्काम करणाऱ्याची प्रत्येक रात्र ही अशी पहिलीच रात्र असते. आठ तास पडून राहिले तरी झोप अर्धीच. म्हणून विश्रांती हवी असेल तर एका गावात किमान दोन रात्री हव्यात.

वारकऱ्यांना हे प्रयोगशाळेविना ठाऊक आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून निघाल्यावर पुण्यात दोन रात्री राहते. मग दिवे घाटाची चढण येते आणि घाट चढून सासवडला पोचल्यावर पुन्हा दोन रात्री मुक्काम. सासवडला सोपानदेवांची समाधी आहे, तिचे दर्शन तर होतेच. पण त्या एका जास्तीच्या दिवसात पाय चोळले जातात, धोतरे धुतली जातात, फोडांवर औषध लागते. पंढरपूर अजून लांब असते. एवढ्या शिस्तीच्या, एवढ्या जुन्या चालीत थांबण्याला मानाची जागा दिलेली आहे. पाठीवर सॅक घेतलेल्या मुलांच्या वेळापत्रकात मात्र ती नसते.

रेल्वेच्या नियमांत ती आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत असते. पाचशे किलोमीटरपेक्षा लांबच्या एकेरी तिकिटावर वाटेत उतरून थांबता येते. तिकीट हजार किलोमीटरपर्यंतचे असेल तर एकदा, त्याहून लांबचे असेल तर दोनदा. पहिला थांबा पाचशे किलोमीटर कापल्यावरच घ्यायचा आणि थांबायची मुदत दोन दिवसांची, त्यात उतरण्याचा आणि पुन्हा चढण्याचा दिवस धरत नाहीत. राजधानी-शताब्दीसारख्या गाड्यांना ही सोय लागू नाही. मुंबईहून हावड्याला निघालेल्याला नऊशेसदुसष्टाव्या किलोमीटरवर गोंदियात उतरण्याचा हक्क या नियमाने मिळतो; हावड्याहून मुंबईला येणाऱ्यालाही मिळतो. फक्त स्थानकावर तिकिटावर तशी नोंद करून घ्यायची आणि पुढच्या टप्प्याचे आरक्षण हवे असेल तर ते आधीच पाहायचे.

मग थांबायचे ते पुरीत का नाही, जबलपुरात का नाही? कारण तिथे विश्रांती मिळत नाही. प्रसिद्ध गावात खोलीत पडून राहणाऱ्याला अपराधी वाटते. खिडकीबाहेर समुद्र आहे, देऊळ आहे, धबधबा आहे आणि आपण इथे लोळतोय, हा विचार त्याला स्वस्थ बसू देत नाही. बाहेर पडले की मार्गदर्शक, रिक्षावाले, शंखशिंपल्यांचे विक्रेते मागे लागतात. सगळे भाव बाहेरच्या माणसासाठी चढवलेले. एस.टी.ची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना १९८८ पासून आहे, चार किंवा सात दिवसांच्या पासवर कुठेही जाता येते. योजना उत्तमच, पण पास घेणाऱ्यांची दमछाकही ठरलेली: दिवस मोजून मिळालेले असल्याने एक दिवस बसून काढणे म्हणजे पैसे बुडाले असे वाटते. फुकट गेलेल्या दिवसाची ही भीती ज्या गावात उरत नाही, ते गाव विश्रांतीचे.

गोंदियात ती उरत नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. त्याचे हे मुख्य ठिकाण धानावर जगते. आजूबाजूच्या राईस मिल, तेंदूपत्ता आणि विडीचा धंदा, कपड्यांची नि धान्याची बाजारपेठ, आणि चार दिशांना फुटणारे रूळ. पश्चिमेला नागपूर, पूर्वेला दुर्ग-रायपूर, दक्षिणेला वडसा-नागभीडवरून बल्लारशा, उत्तरेला बालाघाटवरून जबलपूर. ही उत्तरेची वाट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॅरोगेजने सुरू झाली आणि अलीकडेच पूर्ण रुंद झाली. कोल्हापूरहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस अवघा महाराष्ट्र आडवा कापून इथे येऊन संपते. माणसे इथे सतत बदलत असतात: व्यापारी, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, दवाखान्यात आलेल्या रुग्णांचे नातेवाईक, परीक्षेला आलेली मुले. स्टेशनाजवळचे लॉज आणि खानावळी यांच्यासाठी आहेत. त्यांचे दर रोजच्या गिऱ्हाइकाला परवडतील असेच ठेवावे लागतात, कारण हंगामात येणारा पर्यटक इथे नाही.

अशा गावातला पहिला दिवस फार साधा असावा. भरपूर पाणी, पोट बिघडलेले असेल तर क्षारसंजीवनी, कपडे धुऊन वाळत घालणे, मोच्याकडून सॅकचा पट्टा शिवून घेणे, घरी सावकाश फोन. सकाळी तर्री-पोहे, दुपारी वरण-भात. भात या पट्ट्यातला, तेव्हा तो लक्ष देऊन खावा. एचएमटी हे तांदळाचे वाण याच गोंदिया-बल्लारशा मार्गावरच्या नागभीड तालुक्यात, नांदेड या खेड्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात निवड करत करत शोधले. जेवून झोपावे. संध्याकाळी टपरीवर कुणीतरी “का जी भाऊ, कुठून आले?” असे विचारेल. त्या चौकशीमागे विकायचे काही नसते. दहा दिवस गिऱ्हाइक म्हणूनच वागवले गेलेल्या प्रवाशाला ती वेगळी वाटते.

इथे जिल्ह्याचे अभिमानी लोक हरकत घेतील आणि ती रास्त आहे. गोंदिया जिल्हा पाहण्यासारख्या गोष्टींनी भरलेला आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये जाहीर झाला. त्याच्या कितीतरी आधी व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ लिहून ते जंगल मराठी वाचकाच्या घरात आणले होते. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव आहे. सालेकसा तालुक्यात हाजरा धबधबा आहे आणि कचारगडच्या गुहा, जिथे माघ पौर्णिमेला गोंड बांधव दूरदुरून येतात. महाराष्ट्रात सारस पक्षी आज मुख्यतः याच जिल्ह्याच्या धानाच्या बांध्यांत उरला आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. परक्याला सामावून घेण्याची सवय या मातीला नवी नाही. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडई भरतात आणि झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र चालतात.

हे सगळे खरे. पण ते शहराबाहेर, अंतराअंतरावर आहे, आणि ते थकल्या डोळ्यांनी पाहण्यात त्याचाही अपमान आहे. झोप पुरी झालेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी सारस पाहायला गेला तर तो पक्षी त्याला दिसेल. डुलक्या खात जीपमध्ये बसलेल्याला वाघही दिसत नाही. एप्रिल-मे मात्र टाळावेत. तेव्हाच्या पूर्व विदर्भाच्या उन्हात विश्रांतीसुद्धा कष्टाची होते.

इथे थांबण्यातली खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे ‘पर्यटन विकास’ म्हटले की कमान, कारंजे आणि सेल्फी पॉइंट डोळ्यांपुढे येतो. वाटेत थांबणाऱ्या माणसाला यातले काहीही नको असते. त्याला स्वच्छ चादर, कोरडे न्हाणीघर, आतून लागणारी कडी आणि सामान ठेवायला जागा हवी असते. रेल्वेच्या विश्रामगृहांचा आधार आहे, पण तिथल्या खोल्या मोजक्या. क्लोकरूममध्ये बॅगेला कुलूप असल्याशिवाय ती घेत नाहीत, आणि पाठीवरच्या सॅकला कुलूप क्वचितच असते. एकटी मुलगी खोली मागायला गेली की अनेक छोट्या गावांतले लॉजवाले अजूनही कपाळाला आठ्या घालतात किंवा ‘खोली नाही’ म्हणून मोकळे होतात. परदेशी प्रवाशाची नोंद चोवीस तासांत सरकारकडे करावी लागते; त्या कटकटीपेक्षा त्याला नाही म्हणणे सोपे, म्हणून त्यालाही परत पाठवतात. ज्यांना विसाव्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमकी तीच माणसे फलाटावरच्या बाकावर रात्र काढतात.

वाटसरूला छप्पर देणे हे महाराष्ट्रात पुण्याचे काम मानले गेले. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक इथे धर्मशाळा उभ्या केल्या आणि गरिबाला तिथे अंग टाकायला जागा मिळाली. ती परंपरा तीर्थक्षेत्रांपुरती राहिली, याची खंत वाटते. जंक्शनची गावे तिच्यात कधी आलीच नाहीत. मनमाड, भुसावळ, बडनेरा, गोंदिया: रोज हजारो माणसे जिथे गाड्या बदलतात, तिथे तशी सोय व्हायला हवी होती.

अजूनही ती करता येण्याजोगी आहे. गोंदिया नगर परिषद, जिल्हा प्रशासन, पर्यटन विभाग आणि रेल्वे यांनी एकत्र बसून स्थानकापासून चालत पोचता येईल असे एक सार्वजनिक विश्रांतिगृह उभारावे. त्यात स्त्रियांसाठी स्वतंत्र मजला असावा, कुलपाची कपाटे असावीत, कपडे धुवायला आणि वाळत घालायला जागा असावी, परदेशी प्रवाशांची नोंद करणारा एक प्रशिक्षित माणूस रात्रीही हजर असावा. दर विद्यार्थ्याला झेपेल असा आणि दारावर ठळक लिहिलेला असावा. नागझिऱ्याकडे जाणाऱ्यालाही त्याचा उपयोग होईल, रुग्णाच्या नातेवाइकालाही आणि परीक्षेला आलेल्या मुलीलाही. एका कमानीच्या नि कारंज्याच्या खर्चाआधी या मागणीचा विचार व्हावा.

आणि ज्यांची सॅक याच दिवाळीच्या सुट्टीत भरली जाणार आहे, त्यांनी वेळापत्रकाच्या मध्यावर दोन रात्री कोऱ्या ठेवाव्यात. पूर्वेकडे जात असाल तर त्या गोंदियात काढा. पुढची पुरी, पुढचे बस्तर अधिक चांगले दिसेल.